‘खोबरेल प्या, गोळी सोडा’ या मेसेजला उत्तर

‘डायबेटिसवाल्यांनो, कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उठवलेलं भूत आहे. अमेरिकेने २०१५ मध्येच ते यादीतून काढलं. त्याची गोळी साखर वाढवते, आजच बंद करा. रोज उपाशीपोटी दोन मोठे चमचे घाण्याचं खोबरेल आणि वर कोकमाचं आगळ घ्या. रिपोर्ट नॉर्मल असेल तर चिंता नको.’ हा मेसेज वेंगुर्ल्याच्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने गोळ्यांची पट्टी कपाटात टाकून दिली. म्हणून हे उत्तर.

आधी गोळीचं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या गोळीने, म्हणजे स्टॅटिनने, साखर थोडी वाढते, हे खरं. पण ती वाढ किरकोळ असते, साखरेच्या औषधात सावरून घेता येते. समोर काय आहे ते बघा. ‘कार्ड्स’ हा अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ४० ते ७५ वयाचे २८३८ टाइप-२ मधुमेही, आधी हृदयविकार कोणालाच नाही, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही फार चढलेलं नाही. निम्म्यांना अ‍ॅटोर्वास्टॅटिन (एक स्टॅटिन) १० मिलिग्रॅम, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. औषधवाल्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे मिळून ३७ टक्क्यांनी घटले, नुसता पक्षाघात ४८ टक्क्यांनी. फायदा इतका उघड होता की अभ्यास दोन वर्षं आधीच थांबवला. गोळी सोडली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा चढतं, आणि दुखत-खुपत काही नसल्याने कळतही नाही. गोळीने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. ते सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासतात, डोस उतरवतात किंवा दुसरं स्टॅटिन देतात.

‘रिपोर्ट नॉर्मल’ हे तर सगळ्यात फसवं. समजा एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २६०. एकूण दोनशेच्या आत म्हणून घरचे निर्धास्त. बऱ्याच लॅब एलडीएल गणिताने काढतात: १९० वजा ३४ वजा ५२ (२६० चा पाचवा भाग), म्हणजे १०४. पण मधुमेहात एलडीएलचे कण लहान, दाट आणि संख्येने जास्त असतात. नुसत्या १०४ वरून ते कळत नाही. म्हणून एकूणातून एचडीएल वजा करा: १५६. एलडीएल ७० च्या खाली ठेवायचं असेल तर हा आकडा १०० च्या आत हवा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की एलडीएलचं पाचव्या भागाचं गणितच चालत नाही, एलडीएल थेट मोजून घ्या. आणि ट्रायग्लिसराइड चढतात ते बेताबाहेर गेलेल्या साखरेने, ताटातल्या भाताच्या ढिगाने आणि दारूने.

अमेरिकेने काढली ती खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा. कोलंबीची भीती त्यामुळे कमी झाली, एवढं मान्य. रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथेही मोजतात आणि उतरवतात.

दोन मोठे चमचे खोबरेल म्हणजे सुमारे २२ ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी. २००० कॅलरी खाणाऱ्याची दिवसभराची मर्यादाच तेवढी आहे. खोबरेलाने एचडीएल थोडं वाढतं, पण एलडीएल त्याहून जास्त वाढतं. फोडणीला चमचाभर घाला, प्यायचं कशाला?

आगळात मीठ भरपूर असतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याने ते रोज उपाशीपोटी घेऊ नये.