लाओत्से भारतात येऊन बुद्ध झाले? नाही!

‘लाओत्से म्हातारपणी भारतात आले आणि तेच बुद्ध झाले, म्हणून ताओ आणि बौद्ध मत एकच,’ असा मजकूर फिरतोय. (लाओत्से म्हणजे प्राचीन चीनमधले विचारवंत; ताओ या चिनी मताचे ते मूळपुरुष मानले जातात.) गोष्ट जुनी आहे, पण खरी नाही.

मूळ चिनी कथेत लाओत्से पश्चिमेच्या खिंडीतल्या नाक्यावर पोचतात, नाकेदाराच्या आग्रहाखातर सुमारे ५००० अक्षरांत आपलं म्हणणं लिहून देतात आणि निघून जातात. पुढचं कोणालाच ठाऊक नाही. भारताचं शेपूट नंतर जोडलं गेलं. बौद्धांना कमी लेखायला ताओपंथीयांनी त्यावर ग्रंथच रचला. या वादातूनच १२८१ मध्ये चीनचा मंगोल सम्राट कुबलाई खानाने ताओपंथी ग्रंथ जाळायचा हुकूम काढला, त्यातून लाओत्सेंचं मूळ पुस्तक तेवढं वगळलं.

घोळात भाषांतराचाही हात आहे. चीनमधल्या सुरुवातीच्या अनुवादकांनी ‘निर्वाणा’साठी ताओवाल्यांचाच ‘वू-वेइ’, म्हणजे ओढाताण न करता वागणं, हा शब्द उचलला. शब्द एक, वाटा वेगळ्या. ताओ साधक श्वास, आहार, औषधांच्या बळावर देह टिकवू पाहतो, जमलं तर कायमचा. बुद्ध सांगतात, देह अनित्य; ‘मी’ म्हणून धरून ठेवावं असं त्यात काहीच नाही. अमर व्हायच्या नादात पाऱ्याच्या गोळ्या खाऊन चीनच्या तांग घराण्यातले काही सम्राट लवकरच गेले, ते वेगळंच.