जुना राउटर जोडला म्हणून नेट दुप्पट होत नाही

"जुना राउटर भंगारात घालू नका. नव्या राउटरची वायर जुन्याच्या निळ्या पोर्टमध्ये खोचा, नाव-पासवर्ड तोच ठेवा. स्पीड दुप्पट होईल, घरभर फुल रेंज मिळेल, फोन आपोआप जवळचा राउटर धरेल. सेटिंगला हातही लावायला नको." ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा निरोप. जुना राउटर टाकून देऊ नये, एवढं त्यातलं खरं आहे.

स्पीडपासून सुरुवात करू. १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर घरात १०० च येणार, राउटर दोन लावा की चार. उलट स्पीड कमी होण्याची शक्यता जास्त. बऱ्याच जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतात. ३०० चा प्लॅन त्यातून नेला, तर बेडरूममध्ये आकडा ९४-९५ च्या पुढे सरकत नाही, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. म्हणून आधी मोजा: लॅपटॉप वायरने मुख्य, म्हणजे नव्या, राउटरला जोडून, मग दोन-तीन मीटरवर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, मग बेडरूममध्ये. वायरवरच स्पीड कमी असेल तर दुसरा राउटर काहीही करू शकत नाही. पहिल्या दोन्ही ठिकाणी ठीक आणि बेडरूममध्येच पडत असेल, तरच पुढचं वाचा.

घरभर रेंज मिळू शकते, पण राउटर कुठे ठेवायचा हे निरोप सांगतच नाही. घोडबंदर रोड, खारघर, उलवे भागातल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीचं बांधकाम आहे. तिथे आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. विटांच्या भिंतीतून निभावणारा ५ गिगाहर्ट्झ अशा दोन भिंतींत जवळजवळ संपतो. त्यात फायबरचा बॉक्स बहुधा डक्टजवळ (इमारतीच्या वायरी जिथून वर येतात), म्हणजे मुख्य दाराशी. वायर आखूड म्हणून दुसरा राउटरही तिथेच टीव्ही युनिटवर ठेवला, तर बेडरूमला काहीच मिळत नाही. शिवाय दोघे एकाच चॅनेलवर असले की तोच वेळ वाटून घेतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांतला वेगवेगळा चॅनेल द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९.

"सेटिंग काही नाही" हा सगळ्यात घातक सल्ला. निळा पोर्ट म्हणजे बहुधा वॅन, बाहेरून नेट आत घेणारा. त्यात वायर घातली की जुना राउटर स्वतःचं वेगळं जाळं उभं करतो. ब्राउझिंग चालतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण हॉलच्या वायफायवरचा फोन बेडरूममधल्या टीव्हीवर कास्ट होत नाही, प्रिंटर दिसत नाही. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असला आणि जुन्याने तो स्वतःहून बदलला नाही, तर नेटच बंद पडतं. वायर नुसती लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टमध्ये, घातली तर आणखी वाईट: दोघेही आयपी पत्ते वाटत बसतात. ज्या फोनला जुन्याकडून पत्ता मिळतो, त्यावर "वायफाय जोडलेलं, इंटरनेट नाही". कधी चालतं, कधी नाही, आणि कारण सापडत नाही.

जुन्या राउटरमध्ये एपी मोड (अॅक्सेस पॉइंट: राउटर वेगळं जाळं न करता फक्त वायफाय देतो) असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर मुख्य राउटरला न जोडता हे करा. रिसेटचं बटण टाचणीने दहा सेकंद दाबा. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला लावा आणि मागच्या स्टिकरवरच्या पत्त्यावर लॉगिन करा. अॅडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, वायफायचं नाव, पासवर्ड, चॅनेल भरा. सुरक्षा दोन्हीकडे डब्ल्यूपीए२ ठेवा. मग लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे असं इथे धरलंय, तो पत्ते .२ पासूनच वाटत असेल तर त्याची सुरुवात .२० वर न्या. लॅपटॉपची वायर काढून पुन्हा लावा, नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. ते आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही. मग तो हाताने भरावा लागतो. आता लॅन ते लॅन वायर जोडा, निळा पोर्ट रिकामा ठेवा.

फोन आपोआप जवळचा राउटर धरतो, हे अर्धंच खरं. कुठल्या राउटरवर राहायचं हे फोन ठरवतो, आणि सिग्नल एका काडीवर आला तरी तो आधी जोडलेल्यालाच चिकटून राहतो. मुख्य राउटरची २.४ ची पॉवर मध्यम केली की तो लवकर सोडतो. मेश संचात (एकत्र काम करायला बनवलेल्या राउटरच्या संचात) हे बरंच सुधारतं, पण त्यालाही फोनची साथ लागते.

वायर नको म्हणून रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, लावायचा? एकाच रेडिओवर घेणं आणि देणं, दोन्ही करताना स्पीड साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा भिंतीतला टेलिफोन किंवा टीव्हीचा पाइप तपासा. त्यातून कॅट ६ ही नेटवर्कची केबल ओढता येते. २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपातून ती कधीही नेऊ नका. केबल शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. क्रिम्प करणाऱ्याने (टोकाला प्लग बसवणाऱ्याने) केबलच्या आठही तारा जोडल्या का, हे पाहा. चारच जोडल्या तर गिगाबिट पोर्टही १०० वर अडकतो.

वीज गेल्यावरही वायफाय हवं असेल, तर दुसऱ्या राउटरलाही छोटा यूपीएस लागेल. घेण्यापूर्वी अॅडॉप्टरवरचा आकडा वाचा: जुने राउटर कधी ९ व्होल्टचे असतात, आणि त्यांना १२ चा यूपीएस लावला तर ते जळू शकतात.