सर्व्हर आपलाच समजा

एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फायलींची ने-आण करण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत. त्यासाठीचा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, उघडला की पडद्याचे दोन भाग दिसतात. डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. फोल्डर दोन्हीकडचे सारखेच पिवळे. तेव्हा डावीकडचं जसं तुमचं, तसं उजवीकडचंही तुमचंच, हे पहिल्याच दिवशी मनात पक्कं करून टाका. त्या सर्व्हरवर आणखी कुणाकुणाच्या फायली असतील, त्याची देखभाल कुणीतरी करत असेल, असल्या विचारांनी अपलोडचा वेग मंदावतो.

हा प्रोटोकॉल मुळात भिडस्त आहे. अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत असताना त्याचा पहिला मसुदा लिहिला, तेव्हा नेटवर्कवर मोजकेच कॉम्प्युटर होते. त्या काळचे संस्कार अजून टिकून आहेत. तुम्ही जोडले गेलात की सर्व्हर २२० म्हणून स्वागत करतो, नाव सांगितलं की ३३१ म्हणून पासवर्ड विचारतो आणि निघताना ‘क्विट’ म्हटलंत तर २२१ म्हणून निरोपही देतो. इतक्या अदबीने वागणाऱ्याची भीड कोण बाळगतो? क्विट म्हणूच नका. लॅपटॉपचं झाकण पाडा आणि निघा. तुमची जागा अडवून ठेवून सर्व्हर टाइमआउट होईपर्यंत वाट बघत बसेल. त्याहून सरस उपाय म्हणजे ‘कनेक्शन चालू ठेवा’ हा पर्याय निवडून जेवायला जाणं. मग क्लायंट थोड्या थोड्या वेळाने ‘नूप’ हा आदेश पाठवत राहतो. या आदेशाने काहीही होत नाही, तो त्यासाठीच आहे. सर्व्हर मात्र दर वेळी २०० म्हणून ‘बरं’ म्हणतो.

वेग हवा असेल तर कनेक्शनं वाढवा. फाइलझिला या क्लायंटमध्ये एका वेळी दोन फायली हा मूळ आकडा, तो दहापर्यंत नेता येतो. नेता येतो म्हणजे न्यायचाच. एका इंटरनेट पत्त्यावरून अमुक इतकीच कनेक्शनं, अशी मर्यादा अनेक सर्व्हरवर असते आणि सगळं ऑफिस बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याने दिसतं. तुमची दहा लागली की शेजारच्या टेबलावर ४२१, म्हणजे ‘सेवा मिळणार नाही’, झळकतो. शेजारी ‘आज नेट गेलंय का?’ असं विचारत फिरू लागला, की आपलं काम सुरळीत चाललंय असं समजावं.

फायली बारीक आणि भरपूर असतील तर दुधात साखर. एफटीपीत प्रत्येक फाइलसाठी नवं डेटा कनेक्शन उघडतं आणि बंद होतं. दोनशे बाइटांच्या फाइललाही तोच सगळा सोपस्कार. म्हणून झिप करण्याच्या फंदात पडू नका. ‘नोड मॉड्यूल्स’ हा प्रकल्पाला लागणाऱ्या तयार कोडचा फोल्डर जसाच्या तसा ओढून उजवीकडे सोडा आणि रांगेत हजारो फायली सरकताना बघत बसा. सोबत कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटचा लपलेला फोल्डरही जाऊ द्या. त्यात प्रकल्पाचा सगळा इतिहास असतो, कधीकाळी चुकून टाकलेले पासवर्डही असतात. सर्व्हरने तो फोल्डर झाकला नसेल तर चार लोकांना अभ्यासाला उपयोगी पडेल.

कधी कधी लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येत नाही. हे सगळ्यांच्या वाट्याला येतं. एफटीपीत आदेशांची वाट वेगळी आणि डेटाची वेगळी. अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये डेटासाठी सर्व्हर उलट तुमच्याकडे यायला निघतो आणि तुमच्याकडचा फायरवॉल त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. सेटिंगमध्ये जाऊन पॅसिव्ह, म्हणजे डेटासाठीही आपणच सर्व्हरकडे जायचं, हे निवडलं की बहुतेक वेळा भागतं. पण एवढ्यावर भागलं तर तुमची तडफ दिसणार कशी? लॉगिन झालेलं असलं तरी पासवर्ड पुन्हा टाइप करा. मोठ्या अक्षरांत करा. मागच्या नोकरीतला टाकून बघा. अशा काही चुका साठल्या की बरेच सर्व्हर तुमचा पत्ताच बंद करतात. पत्ता सगळ्या ऑफिसचा, त्यामुळे शेजाऱ्याला आता ४२१ सुद्धा दिसत नाही.

पासवर्डवरून आठवलं. साध्या एफटीपीत तो नेटवर्कवरून उघडाच जातो, मधे कान देऊन बसलेल्याला सहज वाचता येतो. म्हणून सगळं सांकेतिक करून पाठवणारे एफटीपीएस आणि एसएफटीपी आले. ही दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत, पण तुम्ही एकच समजा आणि २१ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे एफटीपीच्या दारावर, एसएफटीपी का चालत नाही म्हणून ओरडा. (ते २२ वर असतं, पण आपण कशाला खाली बघायचं?) २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीला कायमचं बाहेर काढलं, त्यावरून तरी काही कळलं असतं, पण कळून घ्यायला वेळ लागतो. ‘या सर्व्हरची ओळख पूर्वीपेक्षा वेगळी दिसते’ अशी सूचना आली तर ती न वाचता ‘नेहमी विश्वास ठेवा’वर खूण करा. विश्वासावरच जग चालतं.

सार्वजनिक सर्व्हरवर ‘अ‍ॅनॉनिमस’ नावाने आत जायचं आणि पासवर्डच्या जागी आपला ईमेल द्यायचा, अशी जुनी रीत होती. कोण येऊन गेलं हे घरमालकाला कळावं, एवढाच हेतू. तुम्ही तिथे वाट्टेल ते टाइप करा. मिरर, म्हणजे त्याच फायलींची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर, निवडताना जगाच्या दुसऱ्या टोकाचा निवडा. डाउनलोड अर्ध्यावर तुटलं तर ‘पुढे चालू’ न म्हणता पहिल्यापासून घ्या.

आस्की (मजकुरासाठीचा मोड) आणि बायनरी (बाइट जसेच्या तसे नेणारा मोड) हे प्रकरण मात्र नीट समजून घ्या, कारण इतक्या कमी कष्टात इतकं नुकसान दुसरीकडे कुठे होत नाही. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, युनिक्समध्ये एक. आस्की मोड हा फरक वाटेतच मिटवतो. १९८५ च्या आरएफसी ९५९ या एफटीपीच्या नियमपत्रानुसार कुणी काही सांगितलं नाही तर आस्कीच धरायचं. हल्लीचे बरेच क्लायंट एक्स्टेन्शन बघून आपलं आपण ठरवतात आणि सहसा चुकत नाहीत. म्हणून सेटिंगमध्ये जा आणि सगळ्या फायलींसाठी आस्की करून ठेवा. फोटोत ओळी नसतात, पण त्या चिन्हांच्या किमतीचे बाइट असतात, आणि विंडोज-युनिक्सच्या प्रवासात तेही इमानेइतबारे बदलले जातात. फोटो पोचतो, २२६ येतो, ट्रान्सफर पूर्ण. फक्त उघडत नाही. दोष कॅमेऱ्याला द्या.

आता खरं काम. चालू साइटवर फायली चढवायच्या त्या भर गर्दीच्या वेळी. नव्या फाइलला तात्पुरतं नाव देऊन पूर्ण चढवायची आणि मग नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट पान कुणाला दिसत नाही, असं काही सावध लोक करतात. तुम्ही थेट इंडेक्सवरच, म्हणजे साइटच्या पहिल्या पानावरच, चढवा. वाचणाऱ्यांना अर्धं पान दिसेल, उत्सुकता वाढेल. ‘ही फाइल आधीच आहे, काय करू?’ असं क्लायंट विचारतो तेव्हा ‘ओव्हरराइट’ निवडा आणि खाली ‘यापुढे हेच करा’ यावर टिक मारा. सर्व्हरवर कुणी काल रात्री बसून दुरुस्ती केली असेल, पण त्याने ती तुम्हाला दाखवली होती का? परवानग्यांचा प्रश्न आला की ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा. कुणाचाच हिरमोड नको.

एक खेळ उजव्या बाजूला जरूर करून बघा. माउस किंचित घसरला की एक अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जातो. आवाज होत नाही, क्लायंट विचारतही नाही. साइट बंद पडते आणि तुम्हाला वाटतं की फोल्डर उडाला. मग राहिलेलंही नीट साफ करायला घ्या. इथे रीसायकल बिन नसतो, डिलीट म्हणजे डिलीट, त्यामुळे जागा लगेच मोकळी होते.

शेवटी अ‍ॅडमिनला ईमेल करा. विषय: ‘अर्जंट’. मजकूर: ‘होत नाहीये’. लॉग चिकटवू नका, त्यात वेळ, आदेश, उत्तराचा आकडा असं सगळं असतं आणि बिचाऱ्याला शोधण्याचा आनंद मिळत नाही. अगदीच मागितला तर मोबाइलने पडद्याचा तिरका फोटो काढा, आकडा कापला जाईल असा. ‘तुम्ही काही बदललं का?’ असं विचारलं तर ‘काहीच नाही’ म्हणा. मग तो बॅकअप शोधायला लागेल आणि थोड्या वेळाने जपून विचारेल, ‘मूळ फायली तुमच्याकडे असतीलच ना?’

‘नाही हो,’ म्हणायचं. ‘त्या सर्व्हरवर होत्या ना.’