‘तेच आहे हो, न्या!’

औषधाच्या दुकानात क्लोनाझेपाम ही मन शांत करणारी गोळी संपली की काउंटरवरून अल्प्राझोलाम ही त्याच जातीची दुसरी गोळी सरकवतात. वर ठेवणीतलं वाक्य: “तेच आहे हो, न्या!”

तेच कसं? क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला ३०-४० तास लागतात, साध्या अल्प्राझोलामचं साधारण ११ तासांत निम्मं होतं. रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीच उतरते. हात थरथरतात, छाती धडधडते, माणसाला वाटतं दुखणंच उलटलं. मग तो आपल्याच मनाने अर्धी जादा घेतो. झालं कल्याण!

बरं, दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या. चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसरं द्यायची दुकानदाराला मुभाच नाही. अल्प्राझोलाम तर शेड्यूल एच-१ या कडक यादीतली, तिच्या विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं जपायची असते, ती कोण बघतंय म्हणा.

दुसरा प्रकार याहून भारी: “गोळी संपलीय, सोमवारी या.” महिनोन्‌महिने चालू असलेली क्लोनाझेपाम एकदम तुटली तर फिट येऊ शकते! आणि घरात पडलेली एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी ती पोकळी भरत नाही. तिचा गुण यायलाच काही आठवडे जातात.

दहा गोळ्या उरल्या की दुकान गाठा. नाही मिळाली तर डॉक्टरांनाच फोन करा आणि त्यांनी गोळी बदलली तर जुनी किती, नवी किती, किती दिवसांत, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. नावापुढे एसआर (म्हणजे हळूहळू विरघळणारी) असेल तर गोळी मोडू नका. आणि ती कात्री! स्ट्रिप अशी कापतात की नाव, ताकद, मुदत नेमकी दुकानात राहते आणि आपल्या हाती चार निनावी गोळ्या.