हेड उतरवण्याआधी निदान तपासा तरी!

गाडी गरम होते म्हटलं की मिस्त्री सगळं करतो, फक्त ती का गरम होते ते बघत नाही! आधी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, काढून टाकतो. मग रेडिएटरची कॅप बदलतो, मग वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), मग रेडिएटर रॉडिंगला, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून साफ करायला. तरी काटा लालला टेकला की म्हणतो, "शेठ, हेड उतरवावं लागेल." म्हणजे इंजिनचं वरचं झाकणच खोलायचं! पैसे माझे, बुडालेली भाडी माझी, उभ्या गाडीचा हप्ताही माझाच. डोकं फिरतं!

माझी दहा चाकी लोड घेऊन कसारा चढताना तापायची. सपाटीला काटा जागेवर. बाहेर कुठे थेंब गळत नाही, तरी इंजिनच्या पाण्याच्या टाकीतून पाणी उडायचं. आणि सकाळी थंड इंजिन चालू केलं की थोड्याच वेळात वरचा होज दगडासारखा कडक. अरे, पाणी अजून कोमटसुद्धा नाही आणि होज कडक, म्हणजे आत कुठून तरी हवा शिरतेय! एवढं कळायला गॅरेज लागत नाही. पण हे मी सांगितलं तर "तुम्ही चहा घ्या शेठ."

थर्मोस्टॅट काढण्याचा तर मला भयंकर राग आहे. भांड्यात पाणी उकळायला ठेवा, वॉल्व्ह आत सोडा, 80 अंशांच्या पुढे उघडतो का बघा. झाली तपासणी! तेवढंही करायचं नाही. बऱ्याच इंजिनांत तोच वॉल्व्ह गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. सपाटीला इंजिन हवं तेवढं तापत नाही, डिझेल जास्त पितं ते वेगळंच.

कॅपचंही तेच. 1 बारची कॅप नीट धरत असेल तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली असेल तर 100 लाच. हे बघायला हातपंपाचा प्रेशर टेस्टर येतो. कॅपही तपासता येते, गळतीही सापडते. लाखोंची कामं घेणाऱ्या गॅरेजात तो नाही! वर कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओततात. क्षार बसतात, लायनरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला) बाहेरून खड्डे पडतात, त्याचं काय? आणि गरम टोपण उघडायला पुढे करतात कोवळ्या क्लिनरला. तोंड भाजलं पोराचं तर कोण जबाबदार?

रेडिएटर धुतला म्हणे. कुठे धुतला? पुढून पाणी मारलं. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधे चिखल, उसाचं पाचट, कापूस दाबून बसलेला असतो, तो पुढून दिसतच नाही. दोन्ही वेगळे केल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

हेड उतरवलं, फेसिंग केलं (घासून सपाट केलं), नवी गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) टाकली. गाडी घाटात पुन्हा तापली. शेवटी घोटीकडच्या एका म्हाताऱ्या फिटरने इंजिन चालू ठेवून नुसते पाण्याच्या टाकीतले बुडबुडे बघितले. ब्रेकची हवा भरत होती तोवर बुडबुडे, हवेची टाकी भरून हवा फुस्स झाली की कमी. ब्रेक मारून हवा उतरवली की पुन्हा सुरू. तो म्हणाला, "हेडचं काही नाही, ब्रेकची हवा भरणाऱ्या एअर कंप्रेसरची गॅस्केट गेलीय." कंप्रेसरलाही इंजिनचंच पाणी फिरतं, तिथून हवा पाण्यात घुसत होती. छोटीशी गॅस्केट! आणि त्यासाठी माझं चांगलं हेड उघडलं, घासलं, कंपनीचे बोल्ट ताणले.

पहिल्या गॅरेजला पैसे परत मागितले तर म्हणतात, काम केलंय ना. कसलं काम? जे बिघडलंच नव्हतं त्याचं? निदान काढलेला थर्मोस्टॅट तरी द्या म्हटलं, चांगला होता तो. तर म्हणे भंगारात गेला!