बोरकर बोरीवर उठला

रविवारी सकाळी नागपुरात आठ रस्ता चौकाजवळ मंदाताईच्या ठेल्यावर जमलो तेव्हा पोह्यांवरची तर्री अजून उकळायची होती, पण झाडे सर उकळून झाले होते. कारण तोच व्हिडिओ. अभयारण्यातल्या कुरणातून वनमजूर भर पावसात हिरव्यागार बोरी मुळापासून उपटताहेत आणि मागून कोणाचा तरी "अरे देवा, अरे देवा" असा आवाज. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेलच.

"ही हत्या आहे," झाडे सर म्हणाले.

झाडे सरांची ओळख नसेल तर सांगतो. आडनाव झाडे, छंदही झाडे. दर १ जुलैला पांढरा सदरा, एक रोप, सहा माणसं, एक फोटो. रोपाचं पुढे काय झालं ते विचारायचं नसतं. आमच्या लेआउटच्या मोकळ्या मैदानात त्यांनी चाळीस गिरिपुष्पं लावली. त्याला उंदीरमारी म्हणतात म्हणून लावली. पोरांचं क्रिकेट गेलं आणि उंदीर मात्र दुपटीनं वाढले. हा विषय ठेल्यावर महिन्यातून एकदा तरी निघतोच.

समोर बोरकर. तीस वर्षं वनखात्यात काढून वनपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस. बोलणं कमी, सुपारी जास्त. मी त्याच्या बाजूचा आहे, ते आधीच सांगून टाकतो.

"सर, तिथं घाणेरी उपटली असती तर तुमी टाळ्या वाजवल्या असत्या," बोरकर म्हणाला.

"अर्थात! घाणेरी परकी, वेडी बाभूळ परकी. पण बोर आपली आहे हो! शबरीनं प्रभू रामचंद्रांना दिलेलं फळ ते!"

"शबरीनं बोरं देल्ली सर. कुरण नाही देल्लं."

पिंटूच्या नाकातून चहा आला. झाडे सरांनी व्हिडिओ परत लावला, आवाज वाढवून.

मग बोरकरनं सुपारी थुंकली. म्हणजे आता तो बोलणार. त्याचं म्हणणं असं की ती जागा जंगल नव्हतीच कधी. गाव होतं, शेतं होती. गाव उठलं, शेतं मोकळी पडली, दोन-तीन वर्षं मारवेल, पवन्या, कुसळी असं झकास गवत आलं. चितळं आली, त्यांच्या मागं वाघ आला, जिप्सीवाले खूश झाले. पण शेताच्या धुऱ्यावर जुन्या बोरी होत्याच. कोल्ह्यानं, अस्वलानं बोरं खाल्ली आणि बी सगळ्या कुरणात पेरून टाकलं. पळसानं मुळातून पिल्लं काढली, येरोणीच्या काटेरी वेलीनं खालून जाळं विणलं. आता तिथं चितळ शिरत नाही, कारण समोरचं दिसत नाही आणि खायला काही नाही.

"पळसाला पानं तीनच," झाडे सर म्हणाले. का म्हणाले, कोणालाच कळलं नाही.

"पानं तीनच, पिल्लं तीनशे. बरं सर, चितळ गवत खाते, वाघ चितळ खाते. बोरी कोन खाते?"

सरांकडे यादी तयार होती. अस्वल, कोल्हा, बुलबुल, खार, साळुंकी.

"ते फळं खाते. झुडूप कोन खाते, ते सांगा."

सर गप्प. पिंटू मोबाईल काढून शोधायला लागला.

"शेळी," मंदाताई कढईतून मान न काढता म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. मंदाताई भिवापूरकडची. तिचं माहेर जंगलाला लागून. "माह्या बापाच्या वीस शेळ्या होत्या. बोरी गुडघ्याच्या वर नव्हती जात आमच्याकडं. शेळ्या बंद केल्या. मोहाखाली पाला जाळत होते लोकं, त्यात बोरीची रोपं बी जळत, ते बी बंद केलं. आता बोरी वाढली म्हून बोरीवर राग. बोरीनं काय केलं बापा?"

यावर बोरकरसुद्धा दोन मिनिटं काही बोलला नाही. तीस वर्षं १५ फेब्रुवारी ते १५ जून अशा वणव्याच्या हंगामात जाळरेषांवर उभं राहून आगी विझवल्या आहेत त्यानं. शेवटी म्हणाला, "खरं हाय. आग लागू देल्ली नाही म्हून मले शाबासकी भेटली. बोरीले बी त्याच्यातूनच भेटली."

पिंटूला तेवढ्यात मोबाईलवर सापडलं. तो मिहानमध्ये कामाला आहे आणि सगळं त्याला मोबाईलवरच सापडतं. नामिबियात हाच रोग आहे म्हणे. तिथलीच काटेरी झुडपं, कोणी बाहेरून आणलेली नाहीत, पण मोठमोठे माळ गिळून बसलीत. गुरं जास्त चारली, गवत गेलं, गवत गेल्यावर आगीला जळायला काही उरलं नाही, आणि झुडपाला रान मोकळं. लोक ती तोडून कोळसा करतात आणि युरोपात विकतात.

"आणि १७ सप्टेंबर २०२२ ला जे आठ चित्ते कुनोत उतरले नं, ते तिथलेच. झुडपात पळताना त्यांच्या डोळ्यांत काटे जातात तिकडे. त्यातलं एक झुडूप आपल्याकडेही आहे, सिगमकाठी."

"जास्त गुरं चारली तरी झुडूप, चराई बंद केली तरी झुडूप?" झाडे सरांना एकदम अवसान आलं. "मग नक्की करायचं काय?"

प्रश्न बरा होता. सरांच्या तोंडून आला म्हणून कोणी दाद दिली नाही.

"गाय गवत खाते, शेळी झुडूप खाते. फरक हाय नं सर," बोरकर म्हणाला.

पिंटू अजून वाचतच होता. "हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झुडपांना फायदा जास्त होतो, गवताला कमी."

"मंजे तुही बुलेट बी बोरीले खत घालते."

पिंटूला ते लागलं. म्हणाला, "ते सोडा काका, कंत्राटाचं सांगा. यंदा उपटायचं बिल, दोन वर्षांनी परत उपटायचं बिल. बोरी राहिलीच पाहिजे असं वाटणारेही असतील नं कोणी?"

बोरकर हसला नाही. मीही हसलो नाही, कारण मागच्या वर्षी मी स्वतः बघून आलोय. आदल्या हिवाळ्यात कोयत्यानं कापलेलं बोरीचं गुडघ्याएवढं खुंट होतं. त्याला सात फुटवे, माझ्या डोक्यापर्यंत. दर पानाशी काट्यांची जोडी, एक सरळ, एक आकडी. सरळ टोचतो आणि आकडी धरून ठेवते. माझ्या पँटचा तुकडा अजून तिथंच असेल. वरून कापणं म्हणजे एकाच्या सात करणं. पहिल्या पावसांत जमीन ओली असताना मुळासकट काढली तरच जाते, आणि व्हिडिओतले मजूर नेमकं तेच करत होते. पण बघणाऱ्याला मुळं दिसली की रडू येतं.

गवतासाठी मात्र कोणी रडत नाही. १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आणि तिथल्या माळावरही आपण झाडं लावलीच. अकोला-वाशिमकडचे फासेपारधी तणमोर पक्ष्यासाठी गवत राखतात, त्यांचा फोटो काढायला पांढरा सदरा घालून कोणी जात नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात, इथं पारध्याच्या हाती गवत आहे.

हे मी बोलून दाखवलं तर झाडे सर म्हणाले, "तुम्हाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं."

"कुसळच तर वाचवायचं हाय सर," बोरकर म्हणाला. "मुसळ तुमी लावलंच हाय मैदानात, चाळीस."

इथून चर्चा घसरली. सरांनी २०१६ काढलं. जय नावाचा वाघ बेपत्ता व्हायच्या आधी आम्ही उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेलो होतो आणि बोरकरनं झुडपात बोट दाखवून "जय, जय" केलं होतं. तिघांनी हात जोडले. झुडपातून रानडुक्कर निघालं. बोरकर आजही म्हणतो की डुकराच्या मागं जय होता. सर म्हणाले, "बघा, झुडूप होतं म्हणून तुमची अब्रू वाचली!"

सरांचं एवढं एक वाक्य मला मनापासून आवडलं, लिहून ठेवतो.

बोरकरनं लगेच त्या दिवशीच्या पेट्रोलचे सरांकडून यायचे दोनशे रुपये काढले. सर म्हणाले, दिले होते. पिंटू म्हणाला, नव्हते दिले. सर उठले. "संक्रांतीला माझ्या नातवाचं बोरन्हाण आहे. बोरं मिळाली नाहीत तर तुम्हाला जबाबदार धरीन!" असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. लागली नाही. परत मारली.

"सर, पोह्याचे?" मंदाताईनं विचारलं.

"पुढच्या रविवारी, ताई."

"मागच्या तीन रविवारचे बी हायेत."

"ताई, उधारी वरून नको कापू," बोरकर म्हणाला. "सात फुटवे येते."

स्कूटर तेवढ्यात चालू झाली. मंदाताई झारा घेऊन मागं, "मुळासकट, मुळासकट!" असं ओरडत पिंटू तिच्या मागं, आणि तर्री उतू गेली.