पर्यावरण अभियांत्रिकीच्या ‘रिकाम्या जागा’ नेमक्या कुठे मोजल्या?

प्रवेशाचा हंगाम आला की पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘पर्यावरण अभियांत्रिकी ही संपत आलेली शाखा आहे. देशभर मिळून मोजक्याच जागा, त्याही आयआयटीत रिकाम्या राहतात. कटऑफ तळाला. परदेशातल्या नावाजलेल्या विद्यापीठांतही कोणी जात नाही. आणि नोकऱ्या तर नाहीतच.’ हे वाचून मुले प्राधान्यक्रमातून ही शाखाच खोडून टाकतात. म्हणून यातला एकेक दावा तपासून पाहू.

‘देशभर मिळून मोजक्याच जागा’

आयआयटी-एनआयटींच्या बी.टेक. जागावाटपाच्या, म्हणजे जोसाच्या यादीत ‘एन्व्हायर्नमेंटल’ हा शब्द शोधला तर आयआयटी मुंबई आणि धनबादची आयआयटी (आयएसएम) अशी थोडीच नावे हाती लागतात. मजकूर लिहिणाऱ्याने तेवढीच मोजली. पण भारतात हा विषय सिव्हिलच्या पोटातच वाढला, आणि पूर्वी त्याला ‘पब्लिक हेल्थ इंजिनीअरिंग’ म्हणत. नागपूरची नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ साली सुरू झाली ती याच नावाने. ‘एन्व्हायर्नमेंटल’ हा शब्द तिच्या नावात १९७४ मध्ये आला. आजही कानपूर, दिल्ली, रुरकी आणि मद्रास या आयआयटींत पर्यावरण अभियांत्रिकीचे शिक्षण प्रामुख्याने सिव्हिल विभागात आणि एम.टेक., पीएच.डी.च्या पातळीवर चालते. नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि मुंबईच्या व्हीजेटीआयतही ही एम.टेक.चीच शाखा आहे. बी.टेक.च्या यादीवरून या शाखेची विद्यार्थिसंख्या काढणे मुळातच चुकीचे आहे. शिवाय सिव्हिलच्या प्रत्येक पदवीत पाणीपुरवठा आणि सांडपाणी हे विषय असतातच.

‘आयआयटीतही जागा रिकाम्या राहतात’

या दाव्यात थोडे तथ्य आहे, आणि गोंधळ त्याहून जास्त आहे. एम.टेक.च्या मंजूर जागा एकाच प्रकारच्या नसतात. गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर प्रवेश घेऊन आठवड्याला ८ तास अध्यापन-साहाय्य करणारा आणि महिना १२,४०० रुपये विद्यावेतन घेणारा विद्यार्थी हा एक प्रकार. प्रकल्पाच्या पैशातून येणारा संशोधन-साहाय्यक हा दुसरा. नोकरीतून पाठवलेला प्रायोजित उमेदवार तिसरा आणि स्वखर्चाने शिकणारा चौथा. प्रायोजित जागा बहुतेक विभागांत पूर्ण भरत नाहीत, कारण दोन वर्षे पगारी रजा देऊन अभियंत्याला शिकायला पाठवणारी खाती थोडी आहेत. या चारही प्रकारांची बेरीज करून ‘इतके टक्के रिकामे’ असा आकडा काढला की तो भीतिदायक दिसणारच.

दुसरी गळती प्रवेशानंतर होते. आयआयटींचे एम.टेक. प्रवेशाचे प्रस्ताव कोआप या सामाईक ऑनलाइन पोर्टलमार्फत येतात. विद्यार्थी ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ करतो, म्हणजे मिळालेली जागा पक्की करतो, आणि फेऱ्या संपतात. मग त्याला गेटच्याच गुणांवर एखाद्या सार्वजनिक कंपनीत नोकरी लागते आणि तो निघून जातो. फेऱ्या संपल्यावर सुटलेली ती जागा सहसा रिकामीच राहते. स्ट्रक्चरल, थर्मल, पॉवर सिस्टिम्स अशा जुन्या शाखांतही हेच घडते. पहिल्या सत्रात नोंदलेले आणि तिसऱ्या सत्रात उरलेले विद्यार्थी हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि कोणी संख्या सांगितली की ती यांतली कोणती, हे आधी विचारावे.

ओसाड पडलेल्या विषयासाठी कोणी नवा राष्ट्रीय पेपर काढत नाही, हेही ध्यानात घ्यावे. गेटमध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनीअरिंग’ हा स्वतंत्र पेपर २०२१ पासून सुरू झाला. त्याआधी या विषयाकडे येणारे बहुतेक जण सिव्हिल किंवा केमिकलचा पेपर देत, आणि आजही देतात. त्यामुळे ‘ईएस’ या संकेताच्या नव्या पेपरला बसणाऱ्यांची संख्या म्हणजे या शाखेत येऊ पाहणाऱ्यांची संख्या, हे समीकरणही चुकीचे ठरते.

खासगी महाविद्यालयांची गोष्ट वेगळी आहे. तिथे कॉम्प्युटरसंबंधित शाखांकडे ओढा आहे आणि मूळ शाखांना त्याची झळ बसते, हे खरे. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीई हिने २०२४-२५ पासून चांगल्या महाविद्यालयांसाठी शाखानिहाय प्रवेशसंख्येची वरची मर्यादा काढल्यावर हा ओढा वाढायला वाट मोकळी झाली. पण त्यावरून अग्रगण्य संस्थांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

‘कटऑफ तळाला, म्हणजे शाखा टाकाऊ’

क्लोजिंग रँक म्हणजे त्या प्रवर्गात शेवटची जागा ज्याला दिली गेली त्याचा क्रमांक. ‘जागा भरत नाहीत’ आणि ‘क्लोजिंग रँक अमुक आहे’ ही दोन्ही विधाने एकाच ओळीत करणाऱ्याने तक्ता नीट वाचलेला नसतो. तक्ता वाचताना तीन चुका वारंवार होतात. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एससी आणि एसटीच्या रकान्यांतले क्रमांक त्या-त्या प्रवर्गातले असतात. ते सर्वसाधारण यादीतले समजले जातात. मुलींसाठीच्या अधिसंख्य जागांची ओळ वेगळी असते, ती ‘जेंडर न्यूट्रल’ ओळीशी ताडून पाहिली जाते. आणि क्रमांकापुढचे ‘पी’ हे अक्षर प्रिपरेटरी, म्हणजे पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमाचे असते, तो क्रमांक नेहमीच्या यादीत मिसळायचा नसतो. कॉम्प्युटर सायन्सच्या तुलनेत इथला क्रमांक मागे असतो, हे निर्विवाद. पण त्यावरून मुलांची पसंती कळते, वर्गात किती जण बसले आहेत ते कळत नाही.

‘रँकिंगमध्येच दिसते की विद्यार्थी घटले’

दिसत नाही, कारण त्यात ते मोजलेलेच नसते. क्यूएस या जागतिक रँकिंगची विषयवार यादी नावलौकिक आणि संशोधनाची उद्धृते यांवर बेतलेली असते, तर शांघाय रँकिंगची यादी प्रामुख्याने संशोधनावर. एनआयआरएफ या भारत सरकारच्या रँकिंगसाठी संस्था मंजूर आणि प्रत्यक्ष विद्यार्थिसंख्या देतात, पण ती अभ्यासक्रमाच्या कालावधीनुसार, संपूर्ण संस्थेची. त्यातून एका विभागाचा आकडा निघत नाही.

‘परदेशातही कोणी जात नाही’

अमेरिकेत प्रत्येक पदवीला विषयाच्या वर्गीकरणाचा सीआयपी संकेतांक असतो. पर्यावरण अभियांत्रिकीचा १४.१४०१ आणि सिव्हिलचा १४.०८०१. बर्कली, स्टॅनफर्ड, एमआयटी या तिन्ही ठिकाणी विभागाचे नाव ‘सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटल’ असे एकत्र आहे. अशा विभागात जलशुद्धीकरणावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थीही सिव्हिलच्या संकेतांकाखाली मोजला जाऊ शकतो. केवळ १४.१४०१ ची संख्या पाहून ‘विद्यार्थी नाहीत’ म्हणणे म्हणजे भारतातली चूक तिकडे पुन्हा करणे. एम.एस.ला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मुलांनी आय-२० या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावरचा संकेतांक स्वतः पाहावा. पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीची, म्हणजे ओपीटीची २४ महिन्यांची जादा मुदत त्यावरच ठरते, आणि हे दोन्ही संकेतांक त्यासाठी लागणाऱ्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) विषयांच्या यादीत आहेत.

‘नोकऱ्या नाहीतच’

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. बसवलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, प्रत्यक्ष चालू २६,८६९, आणि खरोखर शुद्ध होणारे पाणी २०,२३६. म्हणजे चालू केंद्रेही सुमारे तीन चतुर्थांशच वापरली जातात. मलवाहिन्या अपुऱ्या, घरजोडण्या न झालेल्या, वीज खंडित. हवा देणे थांबले की सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात, जादा गाळ वेळेवर काढला नाही की तो स्थिरीकरण टाकीत बसत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. एक लाख वस्तीच्या शहराला माणशी १३५ लिटर पाणी दिले आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले, तर रोज १०.८ दशलक्ष लिटरचे केंद्र लागते. ते आखायला, चालवायला आणि नीट चालते का हे तपासायला माणसे लागतातच.

या कामाचा पगार मात्र नेहमी चांगला नसतो. ठेकेदाराच्या केंद्रावर नव्या पदवीधराला कमी पैशांत राबवतात, हे दुखणे खरे आहे आणि ते झाकून शाखेची भलामण करू नये. त्याहून मोठा धोका पात्रतेचा आहे. काही सरकारी जाहिरातींत फक्त ‘सिव्हिलची पदवी’ मागतात. म्हणून स्वतंत्र नावाची बी.टेक. घेण्याआधी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका यांच्या मागच्या काही वर्षांच्या जाहिराती काढून पात्रतेचा मजकूर शब्दशः वाचावा. समकक्षतेचा उल्लेख नसेल तर सिव्हिल घेऊन एम.टेक.ला पर्यावरण हा मार्ग अधिक सुरक्षित.

आणि एखाद्या आयआयटीतला किंवा एनआयटीतला खरा आकडा हवाच असेल, तर माहिती अधिकारात केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपयांत अर्ज करता येतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ‘किती जागा रिकाम्या’ असे मोघम विचारू नये. अभ्यासक्रमाचे नाव आणि वर्ष देऊन मागावे : प्रवेशाच्या प्रत्येक प्रकारातील मंजूर जागा, स्वीकारले गेलेले प्रस्ताव, पहिल्या सत्रात नोंदणी झालेले विद्यार्थी आणि तिसऱ्या सत्रात नोंदणी झालेले विद्यार्थी.